आधी शपथ, मग माहिती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुप्त मंडळांचा विषय निघाला की चर्चा रंगते ती जगाची सूत्रे कोणाच्या हाती आहेत आणि बंद दाराआड सैतानाची पूजा चालते का, यावर. ख्रिस्ती माणसाने या वाटेला जपूनच जावे. फ्रान्समध्ये लिओ ताक्सील नावाच्या गृहस्थाने फ्रीमेसन या शपथबद्ध, गुप्तता पाळणाऱ्या बंधुसंघटनेच्या सैतानपूजेच्या कहाण्या रचून कॅथलिक वाचकांच्या गळी उतरवल्या आणि १८९७ साली पॅरिसमध्ये भर सभेत ते सारे थोतांड असल्याचे सांगून टाकले. 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा न पटणाऱ्या लोकांबाबतही पाळायची असते. फ्रीमेसनांच्या लॉजमध्ये, म्हणजे स्थानिक शाखेत, जाणारे कितीतरी जण सज्जन असतात, दानधर्म करतात, हेही कबूल.

माझा आक्षेप आहे तो शपथेला. नवा सभासद धर्मग्रंथावर हात ठेवून गुप्तता पाळण्याचे वचन देतो, तेव्हा सभासदत्वाच्या पुढच्या पायऱ्यांवर आपल्याला काय सांगितले जाणार हे त्याला माहीत नसते. धर्माला बाधा येईल असे यात काही नाही, अशी हमी त्याला मिळते. पण हमी देणारे तेच आणि शहानिशा करायला वाव नाही. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने, म्हणजे तिथल्या फ्रीमेसनांच्या मध्यवर्ती संस्थेने, शपथेतून गळा चिरण्यासारख्या शिक्षांचे उल्लेख वगळले ते १९८६ साली. ते केवळ प्रतीकात्मक होते म्हणतात. म्हणजे देवाला साक्षी ठेवून, मनात नसलेले बोलायचे? प्रभूने तर 'होय' आणि 'नाही' एवढ्यावर थांबायला सांगितले आहे (मत्तय ५).

बायबलमधल्या हेरोद राजाची गोष्ट इथे आठवते. काय मागितले जाईल हे ठाऊक नसताना त्याने शपथ वाहिली. मग बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर मागितले गेले, तेव्हा त्याला वाईट वाटले. तरी शपथेमुळे आणि पंगतीला बसलेल्यांमुळे त्याला नकार देववेना. गुप्त शपथेचा आध्यात्मिक धोका नेमका हा आहे. सद्सद्विवेक जागा असतो, पण त्याचे ऐकण्याची मुभा आपण आधीच गमावलेली असते. शिवाय पत्नीला आणि पाळकांनाही सांगता येणार नाही असा एक कोपरा आयुष्यात तयार होतो.

दुसरी अडचण श्रद्धेची. १७२३ च्या फ्रीमेसन संविधानाने सर्व माणसांना मान्य होईल तेवढाच धर्म सभासदांवर बंधनकारक ठेवला; गंमत म्हणजे ते लिहिणारे जेम्स अँडरसन स्वतः प्रेस्बिटेरियन पाळक होते. इंग्लिश परंपरेतल्या पहिल्या तीन पायऱ्यांच्या प्रार्थनांत ख्रिस्ताचे नाव येत नाही. ज्याच्यावाचून पित्याकडे जाता येत नाही असे आपण मानतो, त्यालाच दाराबाहेर ठेवून कसली प्रार्थना करायची? पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३८ मध्ये कॅथलिकांना फ्रीमेसन होण्यास बंदी घातली, ती व्हॅटिकनने १९८३ मध्ये कायम ठेवली. असे सभासदत्व गंभीर पाप असून त्या व्यक्तीने पवित्र कम्युनियन घेऊ नये, असे स्पष्ट केले. चर्च ऑफ इंग्लंडनेही १९८७ च्या अहवालात, हे ख्रिस्ती श्रद्धेशी जुळते का, अशी गंभीर शंका घेतली.

आरंभीचे ख्रिस्ती तरी कुठे उघड्यावर भेटत होते, असे कोणी विचारेल. ते लपले छळामुळे. शिकवण त्यांनी लपवली नाही. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाचे वर्णन थेट रोमन सम्राटाला लिहून कळवले. आणि प्रमुख याजकापुढे येशूचे उत्तर होते की आपण गुप्तपणे काहीच बोललो नाही (योहान १८).

जे आधीच शपथेत अडकले आहेत, त्यांच्यासाठी लेवीय ५ मध्ये वाट आहे. नकळत, उतावीळपणे वाहिलेली शपथ ध्यानात आली की ती कबूल करावी, असे तिथे म्हटले आहे. असा कोणी आला तर पाळकांनी त्याला चारचौघांत उघडे पाडू नये. आणि दृढीकरणाच्या वर्गात तरुणांना हा विषय अफवांशिवाय, बायबल उघडून शिकवावा, एवढी विनंती आपल्या पत्रातून सर्व चर्चच्या धर्मगुरूंना करतो.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक