एसपीएफ चमच्यानं मोजता येत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत 'घरच्या घरी नैसर्गिक सनस्क्रीन' अशी कृती छापून आली होती ना, त्याबद्दल लिहितेय. खोबरेल तेल, मधमाशीचं मेण, कोरफडीचा गर, रासबेरीच्या बियांचं तेल आणि दोन चमचे झिंक ऑक्साइड, गरम पाण्यावर भांडं ठेवून सगळं वितळवा, ढवळा, बरणीत भरा, झालं. इथपर्यंत माझं काहीच म्हणणं नाही, मी स्वतः कितीतरी वर्षं लिप बाम आणि हातापायाचं क्रीम घरीच करते, विकतचं आणत नाही. पण शेवटच्या ओळीत 'यातून एसपीएफ ३० इतकं संरक्षण मिळतं' असं बिनधास्त ठोकून दिलंय, तिथे मात्र मी अडकले. एसपीएफ म्हणजे उन्हाने भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा. हा ३० आला कुठून? कोणी मोजला?

विचारतेय कारण मी स्वतः तोंडघशी पडलेय. अशीच एक कृती बघून मी क्रीम केलं होतं, छान पांढरंशुभ्र, वासही मस्त, आणि दिवसभर उन्हात चालायचं होतं म्हणून सकाळी सगळ्यांना चोपडलं, मलाही आणि भाचीलाही. संध्याकाळी मानेची मागची बाजू आणि कानाच्या पाळ्या लालबुंद, भाचीच्या खांद्यावर तर पट्टे उठले होते, म्हणजे जिथे क्रीम नीट बसलं तिथे कातडी ठीक आणि मध्येमध्ये बोटभर रुंदीच्या लाल रेघा. ती चार दिवस पालथी झोपली बिचारी, मग साल निघाली. मला वाटलं लावायलाच कमी पडलं असेल, म्हणून घरी आल्यावर त्याच बरणीतलं क्रीम काचेच्या तुकड्यावर पातळ पसरून दिव्यासमोर धरलं. बघते तर काय, पांढऱ्या गुठळ्या, बारीक बारीक, आणि दोन गुठळ्यांच्या मध्ये चक्क आरपार दिसतंय. खलात अर्धा तास घोटलं होतं हो मी ते! मग उन्हात रंग बदलणारे ते प्लॅस्टिकचे मणी मिळतात, अतिनील किरण पडले की पांढऱ्याचे जांभळे होतात ते, काही मणी त्या काचेखाली ठेवले आणि शेजारी दुसऱ्या काचेखाली तयार झिंकच्या क्रीमचा थर देऊन काही ठेवले. माझ्या काचेखालचे बरेचसे मणी दोन मिनिटांत जांभळे, दुसरीकडचे जेमतेम फिकट. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, थराची जाडी मोजली नव्हती मी, पण डोळे उघडायला तेवढं पुरलं.

झिंक ऑक्साइड चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये जो प्रस्ताव मांडला त्यात सगळ्या सनस्क्रीन घटकांपैकी फक्त दोनच सुरक्षित आणि परिणामकारक धरले, एक झिंक ऑक्साइड आणि दुसरं टायटॅनियम डायऑक्साइड, दोन्ही २५ टक्क्यांपर्यंत. भानगड त्या पावडरीच्या कणांची आहे. ते एकमेकांना चिकटतात, तेलात टाकले की गोळे होतात, आणि कारखान्यात ते सुटे करायला मोठी यंत्रं लागतात, कणांवर वेगळा लेप देतात, ते परत एकत्र येऊ नयेत म्हणून आणखी काही घालतात. आपल्याकडे खल आणि चमचा. शिवाय चमचा हे काय माप झालं, पावडर भुसभुशीत असली तर चमच्यात कमी बसते, दाबून भरली तर जास्त, मग १० टक्के पडलं की २० टक्के कोण सांगणार. आणि ती पावडर मोजताना उडते, नाकातोंडात जाते, मास्क लावा असं तुमच्या कृतीत कुठेच नव्हतं. बाकी हे 'नैसर्गिक' म्हणतात त्याचीही गंमत वाटते मला, पाकिटातलं झिंक ऑक्साइड कारखान्यातच तयार होतं, झाडाला लागत नाही. म्हणून ते वाईट ठरत नाही, पण मग तयार क्रीममधलं तेच झिंक 'केमिकल' कसं काय होतं?

आता एसपीएफ मोजतात कसा ते सांगते, म्हणजे मी का भांडतेय ते कळेल. किमान दहा माणसांच्या पाठीवर, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशोबाने क्रीम लावतात, सूर्यासारखा प्रकाश देणाऱ्या दिव्याखाली धरतात आणि दुसऱ्या दिवशी बघतात की कातडी किती मात्रेला लाल झाली, क्रीमसह आणि क्रीमशिवाय. त्या दोन मात्रांचं गुणोत्तर म्हणजे एसपीएफ. एसपीएफ ३० म्हणजे भाजणाऱ्या किरणांपैकी साधारण तिसावा भाग आत येतो, १५ असेल तर पंधरावा. आणि हे २ मिलिग्रॅम म्हणजे चिकार असतं, आपण बहुतेकजण त्याच्या निम्मंसुद्धा लावत नाही, चेहरा आणि मानेला दोन बोटांवर भरून दोन रेघा इतकं लागतं. एवढं करूनही तो आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, म्हणजे कातडी भाजणाऱ्या किरणांचा. यूव्हीए हे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण आणखी खोल जातात, रापणं, सुरकुत्या यात त्यांचा मोठा हात, आणि ते खिडकीच्या साध्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येतात, त्यांच्यासाठी डब्यावर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द किंवा 'पीए' या अक्षरांपुढची अधिक चिन्हं बघावी लागतात. घरच्या बरणीवर कोण काय लिहिणार?

तेलांचे आकडे जे फिरतात तेही एकदा तपासून बघा. खोबरेल तेलाचा एसपीएफ ७ असं म्हणतात ते २०१० च्या एका अभ्यासातून आलंय, त्यात तेल अल्कोहोलमध्ये पातळ करून यंत्राने प्रकाश किती शोषला ते मोजलं होतं, कोणाच्या पाठीवर लावलं नव्हतं. खोबरेल आणि ऑलिव्ह दोन्हींना सातच्या आसपास आकडा आला, तिळाच्या तेलाला तर दोनही नाही. समजा सात खरा धरला, तरी सातवा भाग ऊन आत येतंच की. रासबेरीच्या बियांच्या तेलाचा '२८ ते ५०' हा तर कमालच आहे, तो २००० सालच्या एका पेपरमधला, तिथे त्या तेलातून प्रकाश किती आरपार जातो हे बघून टायटॅनियम डायऑक्साइडशी तुलना केलीये, आणि आपण ती तुलना उचलून बाटलीवर चिकटवली.

आणि सगळ्यात जास्त काळजी वाटली ती खालच्या 'टीप'ची, सुगंधासाठी लिंबाच्या तेलाचे थेंब घाला म्हणे! अहो, लिंबाच्या सालीत फ्युरोकूमरिन नावाची द्रव्यं असतात, ती कातडीवर असताना ऊन पडलं की एक-दोन दिवसांनी फोड येतात आणि मग जे काळपट डाग पडतात ते कित्येक आठवडे, कधी महिने राहतात. लिंबू पिळून उन्हात बसलेल्या माणसांच्या बोटांवर असे चट्टे उठतात. उन्हापासून वाचायला केलेल्या क्रीममध्येच उन्हाला चिडणारी वस्तू, याला काय म्हणावं? कोरफडीचा ताजा गर घातलेलं क्रीमही जपून. त्यात पाणी आलं, पाणी आलं की बुरशी आणि जंतू आले, काही टिकवणारं घातलं नसेल तर आठवड्यात बिघडू शकतं, वास यायच्या आधीही बिघडलेलं असू शकतं.

हे फक्त तुमच्याच पानावर घडतंय असं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पिंटरेस्ट या संकेतस्थळावरच्या घरगुती सनस्क्रीनच्या कृती तपासल्या तर ६८ टक्के कृतींमध्ये पुरेसं संरक्षण मिळेल असं काही नव्हतं, आणि तरी ९५ टक्के ठिकाणी त्यांचं कौतुकच होतं. एक तृतीयांश कृतींनी एसपीएफचा आकडाही सांगितला होता, २ पासून ५० पर्यंत!

लोक घरगुती उपायांकडे का वळतात तेही समजू शकते मी. त्याच वर्षी एफडीएच्या संशोधकांनीच दाखवलं होतं की काही सनस्क्रीनमधले घटक, त्यात ऑक्सिबेन्झोनही होतं, कातडीतून रक्तात जातात, त्यामुळे माणूस घाबरणारच. पण त्याच वेळी त्यांनी हेही सांगितलं होतं की रक्तात जातं म्हणजे घातकच आहे असं नाही, सनस्क्रीन सोडू नका. ज्यांना तरी ते घटक नको वाटतात त्यांच्यासाठी तयार झिंकची क्रीमं आहेतच, त्यांचा एसपीएफ तरी कोणीतरी मोजलेला असतो. थोडा पांढरा थर दिसतो, बास. ज्यांना वांग आहे त्यांनी रंग असलेलं, म्हणजे लोह ऑक्साइड घातलेलं बघावं, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो आणि साधं पांढरं झिंक तिथे फारसं पुरत नाही. सावळ्यांना गरज नाही हाही एक गैरसमज, कातडीतल्या रंगद्रव्याने, म्हणजे मेलॅनिनने, भाजण्याला थोडा आडोसा मिळतो, डागांना नाही.

खरंच घरच्या घरी काही करायचं असेल तर कपाट उघडा ना. घट्ट विणीचा, गडद, पूर्ण बाह्यांचा कपडा. डेनिममधून तर जवळपास काहीच जात नाही. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचं यूपीएफ, म्हणजे कपड्याचा संरक्षणाचा आकडा, मात्र पाच ते सातच्या घरात आणि भिजला की आणखी कमी, म्हणून पोहताना तो घालून निर्धास्त राहू नका. कान आणि मान झाकेल अशी चौफेर कडेची टोपी. आणि आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की सावलीत जायचं, हे तर लहान मुलालाही शिकवता येतं, भाची आता अंगणात उभी राहून आधी सावली बघते आणि मग मलाच दटावते, मावशी आत चल.

तर विनंती एवढीच की पुढच्या अंकात छोटीशी दुरुस्ती छापा, एसपीएफ ३० चा दावा मागे घ्या आणि लिंबाच्या तेलाची टीप काढून टाका, बाकी कृती अंगाला लावायचं क्रीम म्हणून खुशाल राहू द्या. माझी बरणी अजून अर्धी आहे. टाचांच्या भेगांना लावते, रात्री, मोजे घालून.

आपली,
एक नियमित वाचक