दादा, तुमचा डेक उलटून दाखवलात त्याबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलणार. म्हणून इथं, सगळ्यांसमोर लिहिते.

'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ मी पुण्यात नोकरीला असताना शिकले. काळी, हिरवी अशा रंगांची कार्डं, आणि खेळायला निवडलेला त्यांचा संच म्हणजे डेक. तिथल्या ज्या टेबलावर मी बसायचे, तिथं पहिला प्रश्न ठरलेला, "डेक केवढ्याचा?" माझा साडेसातशेचा. समोरचा हजाराचं एकेक कार्ड टाकायचा, पाचव्या टर्नला माझा खेळ आटोपायचा, आणि वर माझीच कार्डं मला समजावून सांगायचा. दोन वर्षं जात राहिले. मी कुठं चुकते ते एकानंही सांगितलं नाही. लातूरला परतले तेव्हा डेक ट्रंकेच्या तळाशी गेला होता. आईला तर पत्ते म्हटलं की जुगारच दिसतो.

मग तुमच्या गच्चीवरचा तो रविवार. सतरंजी, वहिनींनी केलेला मुरमुऱ्यांचा सुशीला, आणि बुटाच्या खोक्यात तुम्ही वर्षानुवर्षं जमवलेली ३६० कार्डं. सगळी कॉमन, म्हणजे सहज मिळणारी, कुणी ढुंकून बघणार नाही अशी. आठ जण, प्रत्येकाला १५ कार्डांचे तीन गठ्ठे. गठ्ठ्यातलं एक कार्ड ठेवायचं, उरलेली शेजाऱ्याकडं सरकवायची, आणि जमलेल्यांतनं डेक बांधायचा. कुणीच घरून काही आणलेलं नाही, त्यामुळं पैशाचा प्रश्नच मिटला.

मी तिन्ही मॅच हरले. सगळे खायला उठले आणि तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात. माझी ४५ कार्डं मांडायला सांगितलीत. मला वाटलं, आता चुका काढणार. पण तुम्ही आधी तुमचा जिंकलेला डेक उलटून माझ्या कार्डांशेजारी ठेवलात. "हे काळं बघ, तुझ्याकडनं आलं. हे पण. हे पण. पहिल्या गठ्ठ्याला तू काळं सोडायलीस आणि मी उचलायलोय. दुसरा गठ्ठा उलटा फिरतो. तवा तू काळ्यात शिरलीस, अन् तुला पाठवणारा मीच! मी कशाला सोडतोय काळं?"

दादा, पेरलं तेच उगवलं होतं, आणि ते मला कुणीतरी मातीसकट दाखवलं. मी काय सोडलं याकडं तुमचं लक्ष होतं. पुण्यात दोन वर्षांत माझ्या खेळीकडं कुणी असं बघितलं नव्हतं.

तेव्हापासून मी येणारा गठ्ठा वाचते. सहाव्या-सातव्या हाताला चांगलं हिरवं कार्ड आलं, तर वरच्यांना हिरवं नको आहे, तो रस्ता मोकळा. आठ जणांत पहिला गठ्ठा नवव्या वेळी फिरून येतो, सात कार्डं उरलेली. आता मी गेलेली आठ आठवते. कुणाला काय हवंय ते तिथंच कळतं. पहिलंच उचललेलं लाडकं कार्ड वेळेवर सोडून देणं मात्र अजून जड जातं. आणि एवढं सगळं करूनही डेकच्या ४० कार्डांतली १७ लँड, ज्यांच्या जोरावर बाकीची कार्डं खेळता येतात, ती कधीकधी हातात येतच नाहीत, म्हणून काल शिकलेलं पोरगंही तुम्हाला एखाद्या डावात हरवतं. ते हरणं तुम्ही ज्या आनंदानं सांगत फिरता, ते मी पाहिलंय.

जिंकल्यावर माणसं पानं गोळा करतात, खिशात घालतात. कसं जिंकलो ते हरलेल्यापुढं मांडून ठेवणारा मला तरी दुसरा भेटला नाही. शेतात, क्लासमध्ये, ऑफिसात, कुठंच नाही. असा एक माणूस गल्लीत असला की बाकीच्यांचीही मूठ सैल होते. परवा बंटीनं स्वतःहून मला त्याचा डेक दाखवला.

येत्या रविवारी उदगीरहून भाची येणार आहे. बारा वर्षांची आहे, हरली की रडते. तिला तुमच्या उजव्या हाताची जागा द्या.

तुमची,
गच्चीवरची आठवी