नांदेडचे विमान दिल्लीच्या मुख्य विमानतळावरच उतरायला हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लहान शहरातून निघणारे लांब पल्ल्याचे विमान बंद पडले की ‘प्रवासी मिळत नाहीत’ असे कारण दिले जाते आणि विषय तिथेच संपतो. नांदेडचा गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहता हे कारण मला पटत नाही. प्रवासी मिळतात की नाही, हे विमान कोणत्या विमानतळावर उतरते आणि तिथून पुढे जाण्याची काय सोय आहे यावर फार मोठ्या प्रमाणात ठरते, आणि नेमका हाच विचार मार्ग ठरवताना मागे पडतो.

लहान शहरे स्वस्त विमानसेवेने जोडण्याच्या केंद्राच्या उडान योजनेची पहिली विमाने 27 एप्रिल 2017 रोजी सुटली, तेव्हा सिमला–दिल्ली आणि कडप्पा–हैदराबाद यांच्याबरोबर नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता, याचा आम्हा नांदेडकरांना अभिमान वाटला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एअर इंडियाने नांदेड–अमृतसर सेवा सुरू केली. या दोन शहरांमधले हवाई अंतर सुमारे 1400 किलोमीटर आहे. सचखंड एक्स्प्रेसने हाच प्रवास तीस तासांहून अधिक वेळ घेतो. वाटेतल्या स्थानकांवर सेवेकरी डब्यापाशी येऊन लंगरचा प्रसाद वाढतात, त्यामुळे ती गाडी आमच्या जिव्हाळ्याची आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी दगा दिलेल्या भाविकाला दोन दिवस बर्थवर काढणे झेपत नाही. नांदेडचे हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी एक. दशमेश गुरू गोविंदसिंहजी 1708 मध्ये इथेच ज्योतिज्योत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला. त्यामुळे या मार्गाला प्रवासी शोधायला जावे लागत नाही. तरीही ती सेवा पुढे बंद पडली.

31 मार्च 2024 पासून स्टार एअरने नांदेडहून हैदराबाद आणि बंगळूरबरोबरच दिल्लीजवळचे हिंडन व पंजाबातले आदमपूर यांच्यासाठी उड्डाणे सुरू केली, तेव्हा त्यांचे शहराने मनापासून स्वागत केले. 76 आसनांचे एम्ब्रेअर जेट ही निवडही योग्यच होती. दिल्ली इथून सरळ उत्तरेला हजारभर किलोमीटरवर आहे. एवढ्या पल्ल्याला पंख्याचे एटीआर विमान संथ पडते, तर 180 आसनांचे एअरबस रोज भरणे नांदेडसारख्या शहराला कठीण जाते. आदमपूरही जालंधर, होशियारपूरच्या भाविकांना सोयीचे आहे. माझा मुद्दा हिंडनचा आहे.

हिंडन हा गाझियाबादमधला हवाई दलाचा तळ असून तिथे 2019 मध्ये नागरी टर्मिनल झाले. ते दिल्लीच्या ईशान्येला, यमुनेच्या पलीकडे आहे. इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, नैर्ऋत्येकडे आहे. मधले अंतर चाळीसेक किलोमीटरचे, म्हणजे संपूर्ण दिल्ली ओलांडण्याचे. गाझियाबादला किंवा पूर्व दिल्लीत जाणाऱ्याला हिंडन उत्तम आहे, हे मान्य करायलाच हवे. पण नांदेड, हिंगोली, परभणीतून विमानाने दिल्लीला निघणाऱ्यांत पुढे श्रीनगर, गुवाहाटी, लंडन किंवा टोरंटो गाठायचे असणारेही पुष्कळ असतात. त्यांच्या दृष्टीने हिंडनला उतरणे म्हणजे प्रवास अर्ध्यावर सुटणे होय.

दोन वेगळी तिकिटे काढण्याचा अर्थ काय होतो, हे मी जवळून पाहिले आहे. माझी पुतणी शिक्षणासाठी कॅनडाला निघाली, तेव्हा आंतरराष्ट्रीय तिकिटावर तिला प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा नेता येणार होत्या. ज्या लहान विमानतळावरून ती निघाली तिथल्या देशांतर्गत तिकिटावर मात्र 15 किलोचीच मुभा होती. काउंटरसमोर फरशीवर बॅगा उघडून तिच्या आईने आधी कुरडया काढल्या, मग लोणच्याची बरणी, मग पुस्तके, आणि शेवटी उरलेल्या वजनाचे पैसे भरले. दोन्ही विमानांचे मिळून एकच जोडतिकीट असते, तर सामान निघतानाच देऊन बहुधा थेट कॅनडात उचलता आले असते, वजनाची मर्यादा एक राहिली असती आणि पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली असती. वेगळ्या तिकिटांवर ही सगळी जोखीम प्रवाशाची. अशी जोखीम एकदा घेतलेला माणूस पुढच्या वेळी मुकाट्याने टॅक्सी करून हैदराबादचा विमानतळ गाठतो, आणि नांदेडच्या विमानातली त्याची जागा रिकामी राहते. मग तीच रिकामी जागा ‘मागणी नाही’ याचा पुरावा ठरते.

मुख्य विमानतळावर सकाळ-संध्याकाळचे स्लॉट, म्हणजे विमान उतरण्या-सुटण्याच्या ठरावीक वेळा, मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. परंतु दिल्लीत जुलै 2023 पासून चौथी धावपट्टी वापरात आहे, आणि दिवसाला एक येणे व एक जाणे एवढीच आमची मागणी आहे. अमेरिकेत 1978 मध्ये विमानसेवा खुली झाली, तेव्हापासून लहान गावांच्या विमानसेवेला सरकार अनुदान देते, आणि ती सेवा पुढची विमाने सहज मिळतील अशा मोठ्या विमानतळाशी जोडण्यावर तिथे भर असतो. आपल्या उडान योजनेत केंद्र आणि राज्य मिळून कंपनीचा तोटा भरून काढणारा तफावत निधी तीन वर्षे देतात. ही तीन वर्षे अर्धवट जोडलेल्या मार्गावर खर्च झाली, तर मुदत संपताच कंपनी हिशेब पाहणार आणि विमान काढून घेणार.

म्हणून केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला आणि राज्य शासनाला माझी विनंती आहे, की नांदेडसाठी इंदिरा गांधी विमानतळावर रोजचा एक स्लॉट राखून ठेवावा, पुढची विमाने गाठता यावीत म्हणून विमान तिथे दुपारी तीनच्या आत पोहोचेल असे वेळापत्रक असावे, आणि निधी देताना मोठ्या कंपन्यांशी जोडतिकिटाचा करार ही अट घालावी. अमृतसरची थेट सेवाही याच अटीवर पुन्हा सुरू करावी, कारण इंग्लंडहून थेट अमृतसरला उतरणाऱ्या भाविकाला नांदेडपर्यंतचे तिकीट तिकडेच, एकदम काढता यायला हवे. लोकप्रतिनिधींनी पुढच्या वेळी दिल्लीत हा विषय काढताना ‘नांदेडला विमान द्या’ एवढेच न म्हणता, ते कुठे उतरणार हेही आवर्जून विचारावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, नांदेड