कोरी वही आणि भरलेलं कॅलेंडर

नागाव, ता. अलिबाग

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "वही आणली ती अजून कोरीच आहे गं, लिहिण्यासारखं काही घडतच नाही." जाड कागदाची, महागाची वही आणलीस आणि आता पहिलं पान बिघडेल म्हणून उघडवत नाही, हे तू न सांगताच मला कळलं. फोनवर मी चार वाक्यं बोलले की तुझं "हं, हं" सुरू होतं, म्हणून हे पत्र.

पहिल्या पानावर वाण्याची यादी लिही. खरंच सांगते. साबण, पोहे, उदबत्ती, जे लागत असेल ते. आणि खाली खोडाखोड कर. पान एकदा मळलं की वही कामाला लागते.

मी काही कधी डायरी लिहिली नाही. पण कालनिर्णय मात्र लिहिलं. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, वाडीत पाणी कधी सोडलं, तुझा ताप, पहिला पाऊस, हापूसला मोहोर कधी दिसला, सगळं त्या बोटभर चौकटींत. जुनी कॅलेंडरं माळ्यावर गुंडाळून ठेवली आहेत. तुझे बाबा दर दिवाळीला ती रद्दीत घालायला निघतात आणि दर दिवाळीला आमचं तेच भांडण होतं. चौकट लहान असते ते बरंच आहे. मन मोकळं करायला त्यात जागाच नसते. त्यासाठी शेजारच्या काकू आहेत. हल्ली जो तो सांगतो, वहीत भावना लिहा. लिहा बापडे. मला विचारशील तर भावना शिळ्या झाल्या की आपल्याच आपल्याला वाचवत नाहीत. पण "मोहोर गळला, रात्री दव फार" हे दहा वर्षांनीही वाचताना मी थांबते.

आता भरतीचंच बघ. मासळी घेऊन येणाऱ्या मावशींकडून मी हिशेब शिकले, इथे किनाऱ्यावर सगळ्यांनाच तो येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पंचांग आणि पाढा एवढ्यावर काम भागतं. कालनिर्णयात तिथी छापलेलीच असते, म्हणून किनाऱ्यावर गेले की पाणी कुठवर आलंय ते मी चौकटीत टिपायला लागले. पंधरवड्याच्या सुरुवातीला हिशेब चोख बसायचा. पौर्णिमा जवळ आली की मात्र पाणी उशीर करायचं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते, आणि उधाण तर बाराच्या सुमाराला येतं. बरेच दिवस मला वाटायचं, आपलंच घड्याळ मागे आहे. मग एका दुपारी तांदूळ निवडता निवडता डोक्यात आलं. एका पंधरवड्यात भरतीची वेळ बारा तास सरकते. बारा तास म्हणजे ७२० मिनिटं, त्याला पंधरा तिथ्यांनी भागलं की तिथीमागे ४८ मिनिटं येतात. पाऊण तास म्हणजे ४५. तिथीमागे तीन मिनिटं राहतात, ती पंधरा दिवस साठतात आणि पौर्णिमेला त्यांचा पाऊण तास होतो. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "ते माहीत आहे की, पुनवेला थोडं थांबायचं असतं." त्यांना आधीच ठाऊक होतं, तरी माझा आनंद काही कमी झाला नाही. चौकटींत टिपलं नसतं तर हा प्रश्न मला पडलाच नसता.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून आपण कितीदा गेलो असू. आत काय चालतं, हे तू लहानपणी विचारायचास. पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात आणि लिहून ठेवतात, बाकी काही नाही. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं. तिथल्या नोंदी १८४१ पासूनच्या आहेत. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेने मोजमाप बिघडलं असतं, म्हणून १९०४ साली अलिबागला लोखंड टाळून इमारत बांधली. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. १८५९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावर मोठा उद्रेक झाला आणि दूरदेशीच्या तारयंत्रांत गोंधळ उडाला. कुलाब्याला त्या दिवशी जो कोणी कामावर होता, त्याने काटा एकाएकी किती खाली गेला तो आकडा लिहून ठेवला. हे कसलं आणि कशामुळे, ते त्याला कुठून कळणार? जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, शास्त्रज्ञांनी त्याच नोंदीवरून सूर्यामुळे उठलेलं ते चुंबकीय वादळ किती मोठं होतं याचा हिशेब मांडला. तो माणूस घरी जाऊन बायकोला काय म्हणाला असेल, असं माझ्या मनात येतं. बहुतेक काहीच नाही.

आता चित्रांचं. चौथीत असताना तू सुगरणीचं घरटं काढलं होतंस, आठवतं? विहिरीवर वाकलेल्या शिंदीला टांगलेलं, वरून टोपीसारखं, खाली उघडं आणि मधून एक आडवी पट्टी. शाळेतून वही आली ती लाल शाईत "अपूर्ण" असा शेरा घेऊन. तू रडलास. मी तुला विहिरीवर नेलं आणि दाखवलं की घरटंच अपूर्ण आहे. तू जसं होतं तसं काढलं होतंस. बाईंचा राग मला अजून आहे, पण तो राहू दे.

ते अपूर्ण का होतं, हे सांगणारे आपल्याच तालुक्यात राहून गेले. पक्ष्यांचे अभ्यासक सालिम अली १९३० मध्ये नोकरी नसताना किहीमला राहायला आले आणि तिथे सुगरणींकडे बघत बसले. नर घरटं अर्ध्यावर विणतो आणि थांबतो. माद्या येतात, आत शिरतात, ओढूनताणून पाहतात. एखादीला पसंत पडलं तर ती मुक्काम करते, मग नर खालची नळी विणून घर पुरं करतो आणि दुसरं अर्धं घर बांधायला घेतो, दुसरीसाठी. पसंत नाही पडलं तर ते तसंच लोंबत राहतं. त्याआधी लोक इतकी वर्षं ही घरटी पाहत आलेच होते. यांनी किती नर, किती माद्या, कोण कुठल्या घरट्यात, हे दिवसामागून दिवस टिपलं आणि १९३१ मध्ये छापलं. नोकरी नसलेल्या माणसाला शेजारपाजारचे काय म्हणाले असतील, तेही कुणीतरी टिपायला हवं होतं.

तुझा हात चांगला आहे, पण तुझी एक खोड मला दिसते. नारळ काढायचा म्हटलं की उभी रेघ आणि वर चार पंख. बघत नाहीस, पाठ केलेलं काढतोस. पोफळीचं खोड घे. लांबून गुळगुळीत खांब दिसतो. जवळ जाऊन काढायला बस, म्हणजे अंगभर कडी दिसतील. जिथून झावळी गळली तिथे तिचा वळ राहतो. खालची कडी लांब लांब असतात, वरती दाट होत जातात, म्हणजे झाड लहानपणी भराभर वाढलं आणि मग दमानं घेऊ लागलं. हे मला कुणी शिकवलं नाही. शेंगा सोलताना समोर खोड होतं, म्हणून दिसलं. चित्र कसं आलं याची फिकीर करू नकोस. काढताना तुला तासभर एका जागी बसावं लागतं, मला चित्रापेक्षा त्याचंच अप्रूप.

निसर्ग वादळाच्या दिवशी, ३ जून २०२० च्या चौकटीत, माझ्या अक्षरात एवढंच आहे: "वीज गेली. वारा. वाडी आडवी." पुढच्या चौकटीत "दूध नाही". त्या दिवशी मला खूप काही वाटलं होतं, ते कुठेच नाही, आणि मला त्याची गरजही पडलेली नाही. पण तू सातवीत असताना काढलेला वाडीचा नकाशा होता ना, एकेक झाड गोल करून आणि आत "ना", "पो", "आं" लिहिलेला, तो पंचनाम्याच्या वेळी बाबांनी शोधून काढला. खोडं एकमेकांवर पडलेली होती, मोजणी चुकत होती, आणि बाबा तुझा नकाशा धरून वाडीभर फिरत होते. आलेल्या माणसांनी तो बघितला आणि हसले. पण मोजणी जुळली.

पुण्यात तुझ्या खोलीच्या खिडकीतून एक झाड दिसतं असं म्हणाला होतास. कुठलं, ते विचारलं तर म्हणालास, "असंच काहीतरी." हे "असंच काहीतरी" मला चालणार नाही. पान तोडून वहीत ठेव, कडा गिरव, शिरा समोरासमोर निघतात की आड एक आड, ते बघ आणि मला फोटो पाठव. नाव नाही कळलं तरी चालेल. पानगळ कधी होते, तेवढं मात्र टिप.

सोबत कोकमाचं आगळ आणि पोह्याचे पापड पाठवते आहे. आगळाची बाटली उभीच ठेव, झाकण सैल आहे.

हरतालिकेला येतोयस ना? दीड दिवसाच्या बाप्पाचं विसर्जन पंचमीला. त्या दिवशी पाणी किती वाजता भरेल ते वहीत काढून आण, आणि ती तीन-तीन मिनिटं धरायला विसरू नकोस. मीही इथे काढून ठेवते. किनाऱ्यावर कुणाचं बरोबर येतं बघू. बाबांनी पैज तुझ्या बाजूने लावली आहे.

तुझी,
आई