देवदूत नको, अधिपरिचारिका लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १२ मेला, जागतिक परिचारिका दिनी, मेणबत्त्या हातात घेऊन शपथ घेणाऱ्या नर्सिंगच्या मुलींचा फोटो वर्तमानपत्रांत येतो आणि वर 'पांढऱ्या वेशातील देवदूत' असा मथळा असतो. प्रेमानेच दिलेला असतो, पण प्रसूती कक्षात २२ वर्षं काढल्यावर तो मला परका वाटतो.

शपथ मीही घेतली होती. तरी आपण परिचारिका आहोत हे मला उमगलं नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात, रात्रपाळीला. आमच्या परिसेविकाबाईंचा, म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांचा, दंडक होता : आधी पोटावर हात, मग पॅड, मग चार्ट; बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी. एका बाईचं बीपी, नाडी सगळं ठीक होतं. हात ठेवला, तर चेंडूसारखं घट्ट लागायला हवं ते गर्भाशय मऊ लागलं. पॅड रक्ताने चिंब. मी पोट चोळत राहिले, मावशींना डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टर धावत आले, गर्भाशय आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनची सलाईन सुरू झाली, बाई वाचली. दुसऱ्या दिवशी पेढे डॉक्टरांच्या खोलीत गेले, त्याचं काही नाही. माझ्या हाताला काय कळतं, ते त्या रात्री मला कळलं होतं.

कामा रुग्णालयाच्या अंजली कुलथे यांनी २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री २० गर्भवती बायकांना सांभाळलं आणि पुढे कसाबविरुद्ध साक्ष द्यायला त्या गणवेशातच गेल्या. का, हे आम्हा परिचारिकांना समजावून सांगावं लागत नाही.

आज आमच्या वॉर्डात रात्री ३२ खाटांना दोघी असतात. चादरींची मोजदाद, औषधांचं इंडेंट (मागणीपत्रक), रजिस्टरं आणि वर ऑनलाइन नोंदी. नवी मुलगी पोटावर हात ठेवायला शिकण्याआधी पोर्टल भरायला शिकते, कारण नोंद राहिली की नोटीस येते. तिला तो हात शिकवायला मला वेळ मिळत नाही, याची फार टोचणी लागते.

तेव्हा एक विनंती. आमच्याबद्दल लिहाल तेव्हा हुद्दा लिहा : अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), परिसेविका (वॉर्ड सिस्टर), अधिसेविका (मेट्रन). आणि यंदाच्या मेमध्ये फोटोग्राफरऐवजी वार्ताहर पाठवा. रात्री दोननंतर पाठवा. दिवसा वॉर्डात सगळेच असतात.

आपली,
एक अधिपरिचारिका, सातारा जिल्हा