अदलाबदलीत कोण नव्हते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन यादवी युद्धावरचा (१८६१-६५; उत्तरेची राज्ये विरुद्ध गुलामगिरीसाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये) लेख आवडीने वाचला. रॅपहॅनॉक नदीच्या दोन काठांवरचे पहारेकरी फळकुटांच्या होड्यांना शीड लावून एकमेकांकडे कॉफी आणि तंबाखू पाठवत, हा प्रसंग लेखकाने फार छान रंगवला आहे. त्यात माझी थोडी भर. उत्तरेच्या शिपायाला शिध्यात कॉफी मिळे. दाणे असले की तो ते बंदुकीच्या दस्त्याने कुटून डब्यात उकळायचा. दक्षिणेची बंदरे आरमाराने कोंडलेली, त्यामुळे तिकडे चिकोरी नाहीतर भाजलेल्या रताळ्याचे तुकडे उकळून त्यालाच कॉफी म्हणायचे. अशा माणसाला पलीकडून खरी कॉफी आली तर तो शत्रुत्व घटकाभर बाजूला ठेवणारच.

पण ‘दोन्हीकडचे शिपाई मनाने एकच होते’ हा लेखाचा निष्कर्ष मला पटला नाही. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. लेखात त्यांचा उल्लेखही नाही.

अदलाबदल कैद्यांचीही चाले. १८६२च्या जुलैत दोन्ही बाजूंनी तसा करारच केला होता. तो फिसकटला, त्याचे एक मोठे कारण हेच सैनिक. पकडलेला कृष्णवर्णीय शिपाई हा युद्धकैदी नव्हे, पळालेला गुलाम, अशी दक्षिणेची भूमिका होती. १८६४च्या ऑक्टोबरात दक्षिणेचे सेनानी जनरल ली यांनी माणसास माणूस अशी अदलाबदल सुचवली. उत्तरेचे सरसेनापती ग्रँट यांनी विचारले, त्यात कृष्णवर्णीय सैनिकही धरले आहेत ना? आमच्या नागरिकांच्या मालकीचे जे आहेत ते धरलेले नाहीत, अशा अर्थाचे उत्तर आले आणि बोलणे तिथेच थांबले. (सुटलेले कैदी दक्षिणेला अधिक उपयोगी पडतील, हा हिशेबही ग्रँट यांच्या मनात होताच. त्यांना संत करायला नको.)

अदलाबदल थांबल्याची किंमत गोऱ्या कैद्यांनीही मोजली. दक्षिणेतल्या जॉर्जियातील अँडरसनव्हिलची कैद्यांची छावणी १०,००० माणसांसाठी आखलेली. १८६४च्या ऑगस्टात तिथे ३०,०००हून जास्त कैदी होते. प्यायचे पाणी आणि शौच, दोन्ही एकाच ओढ्यावर. चौदा महिन्यांत जवळपास १३,००० जण दगावले. उत्तरेतल्या एल्मायराच्या छावणीतही १२,००० कैद्यांपैकी सुमारे ३,००० मेले, आणि उत्तरेकडे तर धान्याची टंचाईही नव्हती.

स्वतःच्या बाजूने, म्हणजे उत्तरेने, तरी या कृष्णवर्णीय सैनिकांना कसे वागवले? गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १०, त्यातूनही ३ कपड्यांचे कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीने वर्षभराहून अधिक काळ पगार घ्यायचेच नाकारले, पण लढणे सोडले नाही. अखेर जून १८६४मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) वेतन समान केले.

आमच्या हिंगणघाटला या युद्धाची आठवण निघते ती कापसाच्या तेजीपुरती. अमेरिकेचा माल अडला म्हणून इकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना गेला, भाव चढले, आणि १८६५मध्ये मुंबईच्या सट्टेबाजांचे दिवाळे निघाले. अमेरिकेचा तो कापूस तिकडे कोण वेचत होते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

लेखमालेचा पुढचा भाग दक्षिणेची राजधानी रिचमंड हिच्या पाडावावर आहे असे कळते. ३ एप्रिल १८६५ला त्या शहरात शिरलेल्या पहिल्या तुकड्यांत कृष्णवर्णीय पलटणी होत्या, तेवढे लेखकाच्या कानावर घालावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, हिंगणघाट