संथ इंडेक्सिंगबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग, पुणे

विषय: वाचनालयातील शोध-सॉफ्टवेअरचे इंडेक्सिंग (पानांची शोधसूची बनवणे) रखडले, देखभाल करार चालू असूनही दुरुस्ती नाही.

महोदय,

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाने जुनी साप्ताहिके आणि कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका स्कॅन करून तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला घेतल्या तेव्हा पेरण्या चालू होत्या. आता कापूस घरात आला, काम अजून अर्ध्यावरही नाही. फोन केला की ठरलेले उत्तर: "सर, तुमच्या गावाकडे नेट स्लो असेल." अहो, सर्व्हर आणि फाइली एकाच मशीनवर आहेत. नेटची केबल काढून ठेवली तरी वेग तोच.

शेवटी एका सभासदाच्या मुलाने (अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे) तपासले. प्रोसेसर जवळपास रिकामा, हार्ड डिस्क मात्र सतत 100 टक्के. तुमचा प्रोग्राम एकेक पान वेगळे इलॅस्टिकसर्चकडे (आतल्या शोध-इंजिनकडे) धाडतो आणि दर पानामागे सक्तीने रिफ्रेश (नवे पान लगेच शोधात दिसावे म्हणून इंडेक्स ताजा) करायला लावतो. त्यातून चिमुकल्या सेगमेंटांचा (इंडेक्सच्या तुकड्यांचा) ढीग होतो आणि ते जोडता जोडता डिस्कचा दम निघतो. बंडीभर कापूस एकेक बोंड करून काट्यावर तोलावा, तसे हे. सक्तीचा रिफ्रेश काढून, पाने शे-पाचशेच्या गठ्ठ्याने बल्कमध्ये पाठवली आणि भरणीपुरता रिफ्रेश इंटरव्हल (दोन रिफ्रेशमधले अंतर) 1 सेकंदाऐवजी उणे 1, म्हणजे बंद, ठेवला, तर याच जुन्या मशीनवर काम झपाझप होते. चाचणीचा लॉग सोबत आहे.

याहून संताप आणणारी गोष्ट पुढची. लाइन जाणे आम्हाला नवीन नाही. पण ती आली की तुमचा प्रोग्राम पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतो. आधी भरलेली पाने इंडेक्समध्ये शाबूत असतात, आणि पानांना ठरावीक आयडी दिलेला नसल्याने तीच पाने पुन्हा आत शिरतात. 'बोंडअळी' शोधले की एकच पान चारदा समोर येते. वाचकांना काय सांगावे?

तेव्हा प्रोग्राम दुरुस्त करून द्या, दुबार पाने स्वखर्चाने काढा आणि वाया गेलेला काळ करारात वाढवून द्या. "एसएसडी घ्या, रॅम वाढवा" असले कोटेशन कृपया पाठवू नका. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते; आम्हाला पुण्याला यावे लागणार नाही.

आपला,
सचिव, सार्वजनिक वाचनालय

सोबत: चाचणीचा लॉग, देखभाल कराराची प्रत